गुलालाखालचे पिवळे डोळे

कारभारीण गेल्यावर मला जगायचं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. उजव्या बरगडीखाली कळ यायची, थंडी वाजून ताप भरायचा, लघवी गर्द पिवळी व्हायची. लेक फोनवर दवाखान्याचं टुमणं लावायची, मी बरा आहे म्हणून ठेवून द्यायचो. शेजाऱ्यांनी काविळीची माळ गळ्यात घातली, ती घालून घेतली. मनात मात्र एकच, की हे कारभारणीचं बोलावणं आहे. आता जोतिबाला जायचं आणि तिच्याकडं पोचव म्हणायचं.

रविवारी डोंगरावर गेलो, देवापुढं तेच मागितलं. गुलालानं तोंड माखलेलं, त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. बाहेर आलो, तशी कळ आली आणि पायरीवरच बसलो. शेजारी एक बाई उधळलेलं खोबरं वेचून पदरात बांधत होती. माझ्याकडं बघून थांबली.

“पावणं, हितं गुलाल उधळत्यात, भंडारा न्हाय. मग तुमचं डोळं पिवळं कशानं?”

मी म्हणालो, देवाचं बोलावणं आलंय.

“बोलवायचंच असतं तर डोंगर कशाला चढू दिला असता? खालच्या खालीच उचललं असतं की.”

तिच्या मालकालाही अशीच कळ यायची म्हणे, पित्ताच्या नळीत जंत निघाला. मला काही न विचारता तिनं त्यांच्या टेम्पोत बसवलं, कोल्हापुरात दवाखान्याच्या दारात उतरवलं, माझ्या फोनवरनं लेकीला कळवलं आणि गेली. नाव विचारायचं राहिलं.

सोनोग्राफीत जंत वळवळताना दिसला. पित्ताची वाट त्यानंच अडवलेली. आणखी उशीर झाला असता तर लिव्हरमध्ये पू होऊन विष रक्तात भिनलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तोंडातनं नळी घालून त्यांनी तो बाहेर काढला. मग कच्चं काय खाता विचारलं. मेथी, म्हणालो. कारभारीण ती पाण्यातनं चांगली खळबळून द्यायची. ती गेल्यावर मी रानातनं उपटायचो, माती झटकायचो आणि भाकरीबरोबर खायचो.

ती बाई देवानं धाडली का, मला ठाऊक नाही. त्या वादात मी पडत नाही. देवानं माझं मागणं ऐकलं नाही, एवढं खरं, आणि त्याबद्दल मी त्याला हात जोडतो. कारभारणीची आठवण रोज येते, रडूही येतं. पण पुन्हा डोंगरावर गेलो तेव्हा काही मागितलं नाही. कधी न्यायचं ते त्याचं तो बघेल. तोवर लेकीकडं राहतो, ती वाढते ते पोटभर जेवतो.