‘वाय’ दाबायचा न्हाय

मी चौथी शिकलो. त्याची लाज नाही. चाळीस वर्षं धामणकर नाक्यावर लूम दुरुस्त केले, आता तिथेच एका गाळ्यात जॅकार्डचे पत्ते पाडतो. पत्ते म्हणजे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. त्यांत जशी भोकं, तशी कापडावर किनार उतरते. भोकं मशीन पाडते, मशीनला हुकूम काँप्युटर देतो. त्या काँप्युटरवर लिनक्स आहे. फुकट मिळालं म्हणून बसवलं, पण नखरे जावयासारखे.

माझी मुलगी पूर्णा गावातल्या एका गोदामात काँप्युटर सांभाळते. एका रविवारी तिने मला न विचारता आमच्या काँप्युटरवर अपडेट मारलं. सोमवारी सकाळी पत्त्यांचा प्रोग्राम उघडेना. समोर शेठ बसलेला. जुनं गिऱ्हाईक, आणि आता एकुलतं एक. बाकीचे कधीच पत्ते सोडून इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर गेले.

“चाचा, छे लूम खडे हैं. संध्याकाळपर्यंत पत्ते न्हाय दिलेत तर मीपण इलेक्ट्रॉनिक लावतो. किती दिवस तुमचं तोंड बघून काम देऊ?”

“तोंड नको बघू. जा, तोवर लूमला तेल घाल.”

असं म्हणालो खरं. पण हा गेला की गाळ्याला कुलूप, हे मला कळत होतं.

मुलगी अर्धी ड्युटी टाकून आली. खटाखट टाइप केलं, कपाळाला हात लावला.

“बाबा, आपल्या प्रोग्रामला एक जुना तुकडा लागतो. अपडेटने तो काढून नवा बसवला. नवा ह्याला चालत न्हाय.”

“मग जुना आण.”

“रिपॉझिटरीत आता जुना ठेवत न्हाईत.”

रिपॉझिटरी म्हणजे ह्या लोकांचं गोदाम. तिथून माल आणणारा जो नोकर, तो पॅकेज मॅनेजर. असला नोकर मी दारात उभा केला नसता. ह्याच्याकडे नट मागा. म्हणतो, नटाला बोल्ट लागेल, बोल्टाला वायसर लागेल, आणि त्या वायसरचं तुमच्या पंख्याशी पटत नाही, तर पंखा काढून टाकू का? वर मॅनेजर म्हणवून घेतो!

मुलीने त्यालाच गोंधळ निस्तरायला सांगितलं, तशी स्क्रीनवर नावांची लांबलचक यादी आली. काय काय काढणार त्याची. खाली प्रश्न, हो की नाही. हो असेल तर वाय दाबायचा.

“ह्यात पत्त्यांचा प्रोग्रामपण जातोय,” मुलगी म्हणाली, “पण बाकीचं सगळं सरळ होईल. वाय दाबू?”

मी तिचा हात धरला. “दाबायचा न्हाय.”

लूमवर बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपली की नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेला गाठ मारून जोडतात, मगच जुनं पुढे ओढतात. आधी जुनं कापून कोणी मोकळा होत नाही. अंगठेबहाद्दर कारागिराला कळतं ते ह्या शिकलेल्यांना कळू नये?

“काढलेला तुकडा गेला कुठं?”

“कुठं म्हणजे...” ती थांबली. “बाबा, दिवाळीत तुम्ही मला साफ करू दिलं नव्हतं!”

आणलेल्या मालाची एक-एक प्रत हा मॅनेजर कोपऱ्यात साठवून ठेवतो. जागा भरली म्हणून दिवाळीत ती ते सगळं उडवणार होती. माझ्या गाळ्यातून काही फेकायचं नाही, म्हणून मी ओरडलो होतो. मागे लूमच्या जुन्या, गंजलेल्या धोट्यांची गोणी आहे, तिच्यावरून पोरगी मला अजून हसते.

तुकडा तिथेच होता. तिने बसवला. प्रोग्राम उघडला आणि दुपारी मशीन खडखडायला लागली. संध्याकाळी शेठ गठ्ठा बगलेत मारून निघाला.

“नसीब तुमचं, चाचा.”

“नसीब न्हाय. गोणी.”

मुलीने त्या तुकड्याला हलता येणार नाही असा होल्ड लावून ठेवलाय. आता अपडेट मारायच्या आधी ती मला विचारते, आणि दर वेळी म्हणते, “बाबा, कधीतरी हा बदलावा लागेल.”

“बदल की. आधी नवा जोडून चालवून दाखव, मग जुन्याला हात लाव.”

अजून तरी दाखवलेला नाही.