गढवालच्या आईला पाठवलेलं शुद्ध हिंदी

सुरतेजवळ भेस्तानला आमच्या चाळीत पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी आजही सांगते, कुणी विचारलं नाही तरी. नव्वदनंतरची ती वर्षं. सगळ्यांची पत्रं लिहायला-वाचायला माझ्याकडेच यायची. वडील लूमवर होते, त्या कारखान्याचा वॉचमन गढवालचा. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. नोकरी लागल्याचं आईला कळवायचं होतं.

तो त्याच्या भाषेत सांगत गेला, मी सुधारत गेले. तो म्हणाला, "ब्वे, मि यख ठीक छौं." मी लिहिलं, "पूजनीय माताजी, सादर चरणस्पर्श. मैं यहाँ सकुशल हूँ." अक्षर असं, की वडील ते कार्ड शेजारी दाखवून आले.

महिन्याने गावच्या मास्तरांच्या हातचं उत्तर आलं: आई जेवत नाही, ताबडतोब ये.

"दीदी, आपने क्या लिख दिया?"

"जो तूने बोला वही. बस ठीक से लिखा."

मग त्याने सांगितलं. त्याच्या गावात असलं हिंदी फक्त पलटणीतून येतं, पोरगा गेल्याचं कळवायला. पहिली ओळ ऐकूनच म्हातारी रडायला लागली असणार, पुढचं ऐकलंच नसणार. आणि हा गावी गेला, की शेठ गेटवर दुसरा माणूस बसवणार होता.

वडील चहा पीत ऐकत होते. आमच्या अहिराणीत म्हणाले, "बी.ए. करं तू, पन मायले पत्र कसं लिखतस, हाई नही शिकाडं का कालेजमा?"

राग आला, पण नवं कार्ड घेऊन बसले. या वेळी तो बोलेल तेच, तसंच. "भात द्वी टैम खांदु छौं." आईला 'ब्वे'च ठेवलं. घरच्या म्हशीची चौकशी मला फालतू वाटली, तीही लिहिली. शेवटी माझं नाव घालून मास्तरांना बजावलं, आहे तसंच वाचा.

उत्तर आलं, तेही मास्तरांनी आईच्याच बोलीत उतरवलेलं. एव्हाना मला बरंच कळत होतं. वडील आणि तो समोर बसलेले, मी मोठ्याने वाचत होते. तिथेच राहा, नोकरी सोडू नको. म्हैस बरी आहे. मी दोन्ही वेळा जेवते. तो गालात हसत होता. पुढची ओळ अशी होती, की पत्र लिहिणारी मुलगी आपल्याच डोंगरातली दिसते, तिचं लग्न ठरलंय का, ते विचार.

मी थांबले.

"आगे क्या लिखा है, दीदी?"

"तबीयत संभालने को बोला है," मी म्हटलं आणि कार्ड घडी करून त्याच्या हातात दिलं.