चकतीवरचा लाल ठिपका

मी कातारी. लेथवर लाकूड फिरवून लाटणी, खुंट्या, पाळण्याचे पाय काढण्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मुलगा हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. कंपनीने परदेशी पाठवलं, तिथून त्याने माझ्यासाठी हत्यार आणलं. दांड्याच्या टोकाला स्क्रूने बसवलेली पोलादाहून कडक कार्बाइडची गोल चकती, शर्टाच्या गुंडीएवढी. आमची पोलादी पटाशी धारेसाठी घडीघडी सानेवर धरावी लागते. हिला तसं नाही. बोथटली की स्क्रू सैल करून जराशी फिरवायची, पुढची धार मिळते. पूर्ण फेरा झाला की मगच घासायची.

पण फेरा झाला हे कळावं कसं? चकती सगळीकडून सारखी. मी बोथट जागेवरच परत आलो आणि चांगलं लाटणं फाडलं. बायको दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, खूण करायला कुणाची परवानगी लागते का?" आतून नेलपॉलिश आणून तिने चकतीवर काठालगत लाल ठिपका दिला. "हा फिरून टोकाला आला की मला हाक मारा."

तेव्हापासून घासणं तिच्याकडे. हिऱ्याची पूड बसवलेल्या पट्टीवर पाणी शिंपडायचं, चकती पालथी ठेवायची आणि सपाट अंगाने घासायची. त्यात ठिपका जायचा. ती नवा द्यायची.

सुनेला दिवस गेले तेव्हा बायको म्हणाली, पाळणा करा, सागवानी. तीन पाय झाले आणि बायको वारली. चौथा लेथवर चढवला, थोडा उतरला, तोच धार बोथटली. स्क्रू सैल करून चकती फिरवली, तर तिने दिलेला ठिपका टोकाला.

मुलगा सुनेला घेऊन आला तेव्हा पट्टी ओली होती, चकती पालथी होती आणि मी नुसता बसलो होतो.

"बाबा, द्या इकडे. मी घासतो."

"नको."

"मग नवीन मागवतो."

"नको म्हटलं ना."

"नेलपॉलिश हिच्याकडेही आहे, बाबा."

"असेल."

जुनी पटाशी काढून बघितली. आता तिची सवय राहिली नाही, ती लाकडात घुसते.

बाळ आलं. गादीवर झोपतं. पाळण्याचे तीन पाय भिंतीला टेकून उभे आहेत, चौथा लेथवर अर्धा. सून त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.