न भरलेली जागा

आईची दाढ हलायला लागली, तेव्हा मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी कळंबला गेले आणि तिला घेऊन बारामतीला दातांच्या डॉक्टरांकडे आले. दाढ काढायची आणि परतायचं, एवढंच काम होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजींना काही औषधं चालू आहेत का?"

"बीपीची गोळी. बाकी काही नाही," मी सांगून टाकलं.

आई काहीतरी बोलायला गेली, पण तोवर तिच्या तोंडात आरसा गेला होता. मीही लक्ष दिलं नाही.

दाढ पटकन निघाली. मला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी ती फोनवर म्हणाली, "भरंना गं ती जागा." मी म्हणाले, वयाप्रमाणे वेळ लागणारच, मीठ-पाण्याच्या गुळण्या कर. पुढच्या वेळी गेले तेव्हा ती पदर तोंडावर धरून माझ्याशी बोलत होती. वास येत होता. दीड महिन्यानं म्हणाली, "जिभंला खडा लागतुया. भाकरीतला आसंल म्हनलं, पर निघंना."

तिला अंगणात उन्हाला बसवून मी तोंडात पाहिलं. हिरडी मिटलेली नव्हती. मधोमध काहीतरी पिवळट, कोरडं उघडं पडलं होतं. दाताचा तुकडा राहिला असेल, असं मी तिला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला नाही, आईला विचारलं, "आजी, हाडांसाठी कधी काही घेतलंय?"

"व्हय की. मनगट मोडलं तवापासनं वर्सातनं एकदा सलाईन लावत्यात. दोनदा झालं. त्या दिशी सांगनार हुते, पर तुमी आरसा घातला."

हाडांची झीज थांबवणारं ते औषध चांगलंच, डॉक्टर म्हणाले. पण थोड्या लोकांत दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, तिथल्या तिथं मरतं. "आधी कळलं असतं, तर मी थांबलो असतो." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

दोन्ही सलाईनच्या वेळी मी तिच्या उशाशी बसले होते. वर्षातून एकदाच असतं म्हणून ते मी औषधांत धरलंच नव्हतं. घरी येऊन फाईल उघडली. संमतीच्या कागदावर छापलेलं होतं, 'दातांची तपासणी करून घ्यावी.' खाली माझी सही होती.

पुण्याला नेऊन मेलेलं हाड काढावं लागलं. मग कित्येक महिने गोळ्या. हिरडी अखेर मिटली. हाडाचं सलाईन मात्र सध्या थांबवलंय. पडली तर पुन्हा काही मोडेल, म्हणून सुट्टीला गेले की ती न्हाणीघरात असताना मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत असते.

गेल्या रविवारी जेवताना पाहिलं, तर ती एकाच बाजूनं चावत होती.

"आई, दुसरी हलतीय का?"

"न्हाय."

"बघू, तोंड उघड."

"काय न्हाय म्हनलं ना," ती म्हणाली आणि ताट उचलून, भिंतीला हात लावत, हळूहळू आत गेली.