शेवटच्या कागदावरचे चार कंटेनर

मी कॉम्प्युटर शिकले ते चाळिशीत, पुस्तक मांडीवर घेऊन, आपलं आपणच. पनवेलजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. न्हावा शेव्याहून येणाऱ्या कंटेनरची रोज एक लांबलचक यादी असायची. तिचे सहा-सहाचे गट पाडून प्रत्येक गट वेगळ्या कागदावर छापायचा, असा प्रोग्राम मी लिहिला. पहिल्याच दिवशी कंटेनर होते चाळीस आणि कागद निघाले सहाच.

"बाई, चार कंटेनर काय खाडीत बुडाले?" शेठ म्हणाले. "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून आपला टाइपरायटरच बरा."

म्हटलं, बघतेच आता. जागची हलले नाही. चूक कुठे होती, सांगू? चाळीसला सहाने भागून गट किती ते मी आधीच ठरवलं होतं आणि बाकी उरली ती सोडून दिली होती. अहो, पंगतीला वाढताना आपण असं करतो का? माणसं आहेत तोवर पानं मांडायची. शेवटच्या पंगतीला चारच जण उरले म्हणून त्यांना कोणी उपाशी पाठवत नाही. मग मी गट मोजणंच सोडलं. यादी संपेपर्यंत सहा-सहा उचलायचे आणि शेवटी असतील तेवढे घ्यायचे.

पाचच्या आत सात कागद निघाले. शेठनी सातवा दोनदा वाचला.

"उद्या ड्रायव्हरांच्या पाळ्याही यातच घाला," ते म्हणाले.

"घालते की. पण खुर्ची जरा उंच द्या, मान अवघडते."