बॅटरीची खांदेमळणी

बैलजोडी विकून मी जुनी मिनीबस घेतली, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच बादली घेऊन गाडी धुवायला लागले. शेत बटईनं दिलेलं, गोठा रिकामा. हातांना काहीतरी काम हवंच होतं. मी हर्सूलहून कंपनीच्या पहिल्या पाळीची माणसं न्यायचो. मी चहा पिऊन बाहेर यायच्या आत आबांचा गाडीच्या पाठीवरून हात फिरवून झालेला असायचा. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा ऊन पाण्यानं शेकायचा, त्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बैल गेले तरी आबांनी हे सोडलं नाही. गाडीचा खांदा कुठं असतो, एवढाच प्रश्न होता. माझा मिस्त्री एकदा बोलता बोलता म्हणाला होता, सगळा जोर बॅटरीचा. झालं! दाराच्या मागं, खालच्या अंगाला, बॅटरीची लोखंडी पेटी होती. तिचं झाकण उघडून आबा आत ऊन पाणी ओतायचे आणि हळद-लोणी चोळायचे. पुढं पुढं तर दर अमावस्येला. मला याचा पत्ताच नव्हता. किल्ली फिरवली की गाडी पळते, एवढंच माझं शास्त्र. ती पेटी मी कधी उघडूनही पाहिली नव्हती.

चौथ्या वर्षी हर्सूलच्या वळणावर गाडी खड्ड्यात आपटली आणि जागच्या जागी बंद पडली. पेटीचा तळ सडून गळाला होता आणि बॅटरी वायरींना लोंबत होती. माणसं घड्याळं बघत रिक्षा शोधायला पांगली. आबा त्या दिवशी शेताकडं जायला म्हणून गाडीतच होते. एका टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत आम्ही दोघं उस्मानपुऱ्यात मिस्त्रीकडं गेलो.

चाचांनी, मिस्त्रीला मी चाचाच म्हणायचो, पेटीचा उरलेला तळ खरवडला. पाणी निघून जायची भोकं पिवळ्या लगद्यानं पार बुजली होती, पाणी आतच साचून पत्रा सडला होता.

"हल्दी कायकू डाले मियाँ इसमें?"

"म्या खांदा मळला तिचा," आबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "आबा, बैल हाय का त्यो? लोखंड हाय, लोखंड! आता गाडीला हात लावू नगा तुमी."

गॅरेजातली चार माणसं ऐकत होती. आबांनी टोपी सारखी केली, "व्हय," म्हणाले आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे उठले, पण अंगणात आलेच नाहीत. बादली भिंतीशी उपडी पडली होती. माझा मलाच राग आला. बैल विकताना मी त्यांना विचारलं नव्हतं. उरलेलं एवढंसं होतं, तेही मी चारचौघांत काढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी चाचांनी पेटीला नवा पत्रा जोडला, भोकं पाडली, रंग वाळल्यावर खाली रबर घातलं आणि बॅटरी पट्टीनं आवळली. मग गरम पाणी आणि खायचा सोडा मागितला. वायरींच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती; ती त्यांनी हातमोजे घालून ब्रशनं धुतली, फडक्यानं कोरडी केली. एका टोकाला वायर बसवून त्यावर बोटानं व्हॅसलीन चोळलं. मी बघतच राहिलो. ऊन पाणी, मग चोळणं.

"ये हर महिने करना पडता," चाचा म्हणाले. "कौन करेगा? तू?"

"चाचा, दुसरं टोक तसंच राहू द्या," म्हणालो आणि रिक्षानं घर गाठलं.

"आबा, चला. खांदा मळायचाय."

"हात लावू नगा म्हनला न्हवं?"

"म्हनलो. चुकलं माझं. मला त्ये जमनार नाय, आबा."

ते उठले. टोपी घातली.

गॅरेजात चाचांनी हातमोजे आणि व्हॅसलीनची डबी त्यांच्यापुढं केली. "लगाव बाबा. पयले पानी पूरा पोंछो."

"आन् हळद?"

"ढक्कन पे. अंदर नक्को."

मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली तसे आबा तोंड फिरवून हसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणात त्यांनी सगळं रीतसर केलं, सोड्याचं पाणी, कोरडं फडकं, व्हॅसलीन. झाकण लावून त्यावर हळदीचं एक बोट ओढलं. मी लहानपणी धरायचो तशी हळदीची वाटी धरून उभा होतो. आता आबा आवतन देतील म्हणून थांबलो, तर ते बाजूला सरले.

"तू दे," म्हणाले. "गाडी तुझी हाय."

शेजारची माणसं बघत होती. मी त्या लोखंडावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."