सात नंबरचा माग

मला लिहायची सवय नाही. पण जागेश्वरबद्दल लोक काहीबाही सांगतात, म्हणून लिहितो.

आमच्या शहरातल्या जुन्या जेलमध्ये विणकामाची बराक होती. तिथला सात नंबरचा माग आपोआप वाजतो, असं आमच्या इतवारी पेठेत घरोघर सांगत. त्यावर बसणारा कैदी फासावर गेला होता. त्याचं धोतर अर्धवट विणलेलं, तसंच मागावर होतं.

१९५२ साली सुताच्या कोट्यासाठी धरणं धरलं म्हणून आम्हा काही कोष्ट्यांना तीन महिने आत टाकलं. आमच्यातल्याच जागेश्वरनं तो माग पाहिला आणि म्हणाला, "माग आपोआप चालत असते, तर आपण घरी झोपून नसतो राहिलो काय गा?"

जेलरला त्या मागावर सतरंजी लावायची होती. त्यानं जागेश्वरपुढे कात्री धरली. जुना ताणा, म्हणजे ते उभं सूत, कापून टाक म्हणाला.

"अर्धा विणलेला ताणा आमच्यात कापत नाहीत, साहेब. पुरा विणून देतो."

"तो कैदी तुमच्या जातीचाही नव्हता. इथंच येऊन शिकला."

"मागावर बसला होता ना? मले तेवढं पुरे."

कात्री माझ्याकडे आली. मी घेतलीही.

"ठेव गा," जागेश्वर म्हणाला. मी ठेवली.

जेलरनं त्याची शिक्षेतली पंधरा दिवसांची माफी रद्द केली. ताणा कापलास तर परत देतो, म्हणाला. त्याच पंधरा दिवसांत जागेश्वरच्या शामलाचं लग्न होतं.

मुलाखतीला त्याची बायको गोदूबाई आली. जाळीपलीकडून म्हणाली, "कापून टाका ना. मेलेल्या माणसापायी पोरीचं लगन मोडता काय?"

"कापून आलो, तर कोणत्या हातानं पोरगी देऊ वं?"

ती उठून गेली. पुढच्या मुलाखतीला आली ती ताठ मानेनं. "चंपतराव व्याह्याले सारं सांगितलं. त्यानं एकच इचारलं, ताणा कापला काय? म्या म्हटलं, नाही. म्हणे, मंग थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वर न विचारता सात नंबरवर जाऊन बसला. वॉर्डर उठवायला आला.

"माफी तं घेतली. आता अजून काय घेता? विणू द्या."

जेलर दारापर्यंत आला, उभा राहिला आणि परत गेला.

आठ दिवसांत सारा ताणा विणून उतरला. शामलाचं लग्न महिनाभर उशिरा झालं. कन्यादान जागेश्वरनंच केलं.

तो माग वाजायचा, असं लोक अजून म्हणतात. खरं आहे. मी शेजारच्याच मागावर होतो. जागेश्वर विणत होता.